डावीकडची सीट

(वार्षिक मेळाव्यातल्या 'मालमत्ता आणि आपण' या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळपासून इथे जमिनीबद्दल बोलणं चाललं आहे. सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागले, ते आपण आत्ताच ऐकलं. त्यानंतर मी उभं राहून मोटारीच्या सहलीबद्दल बोलायचं, याचा मलाच संकोच वाटतोय. संयोजक मैत्रिणीला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "चहाच्या वेळी आम्हाला जे सांगितलंस तेच सांग. विषय एकच आहे." म्हणून सांगते.

माझं वय एकाहत्तर. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. माझ्याकडे १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आपण सगळे तिला फियाटच म्हणतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून तुम्ही ती हजारदा पाहिली असेल. त्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. १०८९ सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, थंडीत ओढायला चोक आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, अशी ही गाडी.

आम्ही ती १९८१ साली जुनी घेतली. तेव्हा नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. पैसे मी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून उभे केले. हप्ते माझ्या पगारातून कापले जात. आर.सी. बुकावर नाव मात्र नवऱ्याचं लागलं. त्यानं ते हट्टानं लावून घेतलं असं म्हणणं खोटं होईल. एजंटानं फॉर्म त्याच्यापुढे ठेवला, त्यानं सही केली, मी चहा ठेवायला आत गेले होते. माणूस वाईट नव्हता. १९८५ साली त्यानंच मला गाडी शिकवली. मुलांना शाळेत सोडणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, भाजी, दळण हे सगळं मग माझ्याकडे आलं. महाबळेश्वरला किंवा कोकणात जायचं झालं की चावी त्याच्याकडे जाई आणि मी डावीकडच्या सीटवर. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला आठवत नाही.

नवरा २०१९ मध्ये गेला. दहा-बारा दिवसांनी गाडीच्या विम्याचं पत्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा आर.सी. बुक नीट वाचलं. मग नियम वाचले. मालक वारला तर तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचं. कळवलं असेल तर तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची. ऐकायला सोपं आहे. पण मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलं आणि आई यांचा वाटा सारखा. तेव्हा माझ्याच पगारातून घेतलेल्या गाडीसाठी मला दोन्ही मुलांची आणि नव्वदीतल्या सासूबाईंची 'हरकत नाही' अशी प्रतिज्ञापत्रं घ्यावी लागली. मुलांनी लगेच दिली. सासूबाईंनी अंगठा लावण्याआधी विचारलं, "तुझीच होती ना ती? मग मला का विचारतात?" उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

कायद्यात वाईट काही नाही. आईचा वाटा त्यात आहे, तो असायलाच हवा. चूक १९८१ साली झाली होती, मी चहा ठेवायला गेले तेव्हा.

आता सहलीकडे येते. गेल्या फेब्रुवारीत जुन्या गाड्यांच्या एका क्लबानं पुण्याहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्यानं तीन दिवसांची सहल काढली. क्लबाचं नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट बदलेल असं नाही. मी फॉर्म मागवला. त्यावर रकाने दोनच: 'मालकाचे नाव' आणि 'सोबत येणारे: पत्नी / मुले'. पहिल्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि दुसरा रिकामा ठेवला. दोन दिवसांनी फोन आला.

"वहिनी, गाडी कोण चालवणार?"

"मी."

"नाही, म्हणजे घाटात?"

"घाटातही मीच."

"मग मुलाला तरी बरोबर घ्या."

मुलगा बंगळूरला असतो आणि त्याला स्टिअरिंगचा गिअर टाकता येत नाही, हे सांगितल्यावर गृहस्थ जरा थांबले. मग 'सुरक्षिततेसाठी' माझी गाडी रांगेत दोन अ‍ॅम्बॅसेडरच्या मधोमध ठेवायचं ठरलं. गळ्यात अडकवायची कार्डं आली. पुरुषांच्या कार्डावर नाव आणि खाली गाडीचं नाव होतं. बायकांच्या कार्डावर 'सौ. अमुक' एवढंच. माझ्याही कार्डावर आधी 'सौ.' होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि ते खोडून वर पेनानं 'श्रीमती' केलं. गाडीचं नाव घालायचं राहिलंच.

चौदा गाड्या होत्या. मॉरिस मायनर, स्टँडर्ड हेरल्ड, एक बीटल, अ‍ॅम्बॅसेडर आणि बऱ्याचशा फियाट. चौदा स्टिअरिंगांपैकी तेरावर पुरुष. डावीकडच्या सीटवर अकरा बायका. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत आम्ही संध्याकाळी हरिहरेश्वरला पोहोचलो. घाटात ड्रम ब्रेक दाबत बसलं की ते तापतात आणि मग धरतच नाहीत. म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि इंजिनालाच ती आवरू द्यायची. पुढच्या अ‍ॅम्बॅसेडरच्या चाकांतून जळका वास येत होता. माझ्या गाडीतून येत नव्हता. हे सांगताना मला आनंद होतोय, तो लपवत नाही.

रात्री जेवणाच्या वेळी मी त्या अकराजणींना विचारलं, परवाना किती जणींकडे आहे? सातजणींकडे होता. त्यातल्या चार तर पुण्यात रोज गाडी चालवतात. नातवंडांचे क्लास, बँक, रुग्णालय सगळं त्याच करतात. पण ही जुनी गाडी? नाही. "ती ह्यांची आहे." "तिला फक्त ह्यांचाच हात चालतो." रोजचा स्वयंपाक आपला आणि लग्नाचा आचारी पुरुष, असं आपण नेहमी म्हणतो. गाड्यांचंही तसंच झालं आहे. कामाची गाडी बायकांकडे आली आणि मानाची पुरुषांकडे राहिली. आपल्या देशात बाईनं मोटार चालवू नये असा कायदा नव्हता. सौदी अरेबियात बायकांना परवाने मिळायला २०१८ साल उजाडलं. आपल्याकडे ते काम कायद्यावर सोपवावं लागलं नाही, घरातच भागलं.

जेवणानंतर क्लबाच्या एका ज्येष्ठ सभासदानं मोटारीच्या इतिहासावर भाषण केलं. त्यात बर्था बेंझची गोष्ट आली. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या आईकडे गेली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. मोटारीनं केलेला तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं हॅटच्या पिनेनं साफ केली, वायर घासली गेली तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला, आणि विस्लोख गावात औषधांच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. हॅटची पिन आणि मोज्याचा पट्टा ऐकून सगळे हसले.

मी उठून दोन गोष्टी जोडल्या. एक म्हणजे लाकडी ब्रेक झिजले तेव्हा तिनं चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनिंगची ती सुरुवात समजतात. दुसरी म्हणजे कार्ल बेंझच्या धंद्यात लग्नाआधीच तिच्या हुंड्याचे पैसे गेले होते. ते नसते तर कारखाना टिकला नसता. पण १८८६ चं पेटंट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे, कारण लग्न झालेल्या बाईला तिथल्या कायद्यानं ते घेता येत नव्हतं. अमेरिकेतल्या मोटार उद्योगाच्या मानकऱ्यांच्या दालनात कार्लचं नाव १९८४ साली लागलं. बर्थाचं लागायला २०१६ साल उजाडलं. पैसे तिचे, कागद त्याचा. हे बोलताना माझा आवाज जरा चढला असावा. ज्येष्ठ सभासद म्हणाले, "वहिनींनी अभ्यास चांगला केलाय." आणि आईस्क्रीम आलं.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरलो आणि केळशीच्या बाजूनं निघालो. आंजर्ल्याच्या अलीकडे एका चढावर माझी गाडी बंद पडली. उन्हात इंजिन तापलं की पेट्रोल पंपापर्यंत येतायेताच त्याची वाफ होते, आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल पोहोचतच नाही. फियाटचा हा जुनाच रोग. मी उतरून बॉनेट उघडेपर्यंत सहाजण भोवती जमले. एकानं माझ्या हातातला पाना अलगद काढून घेतला, जसा आपण लहान मुलाच्या हातातला चाकू काढून घेतो. प्लग, पॉइंट, बॅटरी, सगळ्यांची चौकशी झाली. मी तीनदा सांगितलं की पंप तापलाय. चौथ्यांदा सांगितलं नाही. डिकीतून जुन्या परकराचा तुकडा काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि त्यांच्या हातांखालून पंपावर ठेवला. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. तोवर प्लग बदलून झाले होते, त्यामुळे श्रेय प्लगांना गेलं.

या वेळी एक बाई शांतपणे बाजूला उभी राहून सगळं बघत होती. साठीची असेल. नंतर ती म्हणाली, "ताई, हर्णैपर्यंत तुमच्या गाडीत येऊ का?" आली. वाटेत तिनं पर्समधून परवाना काढून दाखवला. पहिला परवाना १९८७ सालचा. तेव्हापासून न चुकता नूतनीकरण करते. आणि या सगळ्या वर्षांत तिनं गाडी चालवली आहे ती परीक्षेच्या दिवशी आणि त्यानंतर दोन-तीन वेळा. मी विचारलं, "मग नूतनीकरण कशाला करतेस?" ती म्हणाली, "सोडून दिलं तर मग काहीच उरत नाही ना."

हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव चालला होता. पुकारणाऱ्या, घेणाऱ्या, टोपल्या भरणाऱ्या बायकाच जास्त. क्लबाची मंडळी फोटो काढत होती. एका मासळीवालीशी बोलणं झालं. मी सहज विचारलं, होडी कुणाच्या नावावर? ती म्हणाली, "सासऱ्यांच्या. मग दिरांच्या होईल." नवरा? "तो नाही आता." पुढे बोलायला तिला वेळ नव्हता, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

संध्याकाळी दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठीच्या मुखाशी उजवीकडे वेलदूरची बाजू दिसते. आमच्या सहलीच्या पत्रकात तिथे 'फोटोसाठी उत्तम' असं छापलं होतं. जून १९९७ मध्ये त्याच गावात वीजप्रकल्पाला विरोध करणाऱ्या कोळी बायकांना पोलिसांनी पहाटे घरात शिरून मारलं होतं. पुरुष समुद्रावर गेलेले होते. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या त्या वर्षीच्या अहवालात ते नोंदलेलं आहे. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीला मी ते सांगितलं. ती बराच वेळ त्या बाजूला बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, उद्या मला थोडी चालवायला द्याल?"

आणि मैत्रिणींनो, मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "अगं, जुनी गाडी आहे. तिला माझ्या हाताची सवय आहे. तुला जमायचं नाही."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी ते ऐकलं. शब्द न् शब्द माझ्या नवऱ्याचा होता. आदल्या रात्री बर्था बेंझवर तावातावानं बोलणारी मी, कागद माझ्या नावावर झाल्यावर चावी तशीच मुठीत धरून बसले होते. गुहागरच्या मुक्कामी मला नीट झोप लागली नाही.

सकाळी मी तिच्या हातात चावी दिली. गुहागरच्या पुढे, हेदवीपाशी, आम्ही जागा बदलल्या. डावीकडच्या सीटवर मी. स्टिअरिंगचा गिअर कसा टाकायचा ते सांगितलं. पहिल्या अर्ध्या तासात गाडी सहा-सात वेळा बंद पडली, मागच्या अ‍ॅम्बॅसेडरनं हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले, पण तवसाळपर्यंत ती तिसऱ्या गिअरपर्यंत पोहोचली होती.

तवसाळहून जयगडला फेरीबोट जाते. तिथे आम्हाला गाड्या उलट्या चढवायला सांगितल्या. उतरती जेटी, खाली पाणी, बोटीची फळी ओली. तिचा नवरा आपली गाडी लावून खाली उतरला होता. बायको कुठे बसली आहे हे त्यानं तेव्हा पाहिलं आणि धावत आला. "उतर! वहिनी, तुम्ही घ्या! अहो, पाण्यात जाईल!" बोटीवरचा पोरगा हातानं उजवीकडे-डावीकडे खुणा करत होता. तिचे हात थरथरत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, माझाही हात स्टिअरिंगकडे निघाला होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "त्या पोराकडे बघ. बाकी कुणाकडे बघू नकोस. अर्ध्या क्लचवर घे."

दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा चढली. बोटीवर बसलेल्या कॉलेजच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

नवरा जवळ आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "क्लच जाळला असेल." त्यात त्याचं चुकलं नव्हतं. वास येत होता. पुण्याला परतल्यावर मला क्लचप्लेट बदलावी लागली. त्याच्या पावतीवर मी खर्चाचं कारण 'शिक्षण' असं लिहून ठेवलं आहे.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं, पण पुढचंही सांगायला हवं. रत्नागिरीहून परतताना ती पुन्हा आपल्या नवऱ्याच्या गाडीत डावीकडे बसली. त्यानं तिला आजवर ती गाडी दिलेली नाही. ती दर रविवारी माझ्याकडे येते, आम्ही दोघी मुळशीपर्यंत जाऊन येतो. पंप कुठला, पॉइंट कुठले, ते तिला आता कळतं. फॉर्मवर 'मालक', 'चालक १', 'चालक २' असे रकाने करा, असं पत्र आम्ही दोघींनी क्लबाला दिलं. 'विचार करू' असं उत्तर आलं आहे. पत्रावर तिसरी सही मिळवायचा आम्ही प्रयत्न करतोय. अजून मिळालेली नाही.

आणखी एक सल्ला मला क्लबातून मिळाला. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. माझ्या गाडीला ती मिळू शकेल. सगळे म्हणतात, मान आहे, घ्या. पण मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला न्यायची, रोजच्या वापराला नाही. मी घेतलेली नाही. ज्या मानामुळे गाडी दारात उभी राहते, तो मान मला नको. मला तिच्यातून भाजी आणायची आहे.

आता तुम्हाला काय सांगू? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करून देण्याचं आवाहन झालं, त्याला आता तीन तपं होऊन गेली. जमिनीपुढे मोटार किंवा स्कूटर ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणींच्या घरी निदान एक दुचाकी असेल, आणि तिचे हप्ते कुणाच्या पगारातून गेले ते तुम्हाला माहीत असेल. आज घरी गेल्यावर आर.सी. बुक काढा आणि नाव वाचा. नवं वाहन घेताना नाव कुणाचं लागणार हे फॉर्म भरण्याआधी बोलून घ्या, त्या वेळी आत चहा ठेवायला जाऊ नका. नाव दुसऱ्याचं असेल तर आर.सी.वर वारस म्हणून नामनिर्देशन करायची सोय २०२१ पासून आहे, ती करून घ्यायला सांगा. पुढची पायपीट बरीच वाचते.

आणि जिच्या नावावर आधीच काही आहे, तिनं माझ्यासारखी चावी मुठीत धरून बसू नये. क्लच जळतो, तो बदलता येतो.

बाहेर माझी गाडी उभी आहे. परतीच्या वाटेवर स्वारगेटपर्यंत तीन जागा आहेत. परवाना असेल तर बरोबर आणा.